दोरूच्या खोऱ्यातली रेघ

उत्तर पोर्तुगालात, दोरू नदीच्या खोऱ्यातल्या गावांतून हिंडताना अधूनमधून ग्रॅनाइटचा एखादा खांब समोर येतो. कधी द्राक्षमळ्याच्या कडेला, कधी रस्त्याच्या वळणावर, तर कधी कुणीतरी उपटून घराच्या भिंतीत चिणलेला. आसपासचा सगळा डोंगर शिस्टचा, म्हणजे पत्र्यापत्र्यांनी सुटणाऱ्या काळपट पिवळ्या खडकाचा असल्यामुळे हा करडा दगड लगेच वेगळा दिसतो. त्यावर कोरलेलं असतं ‘फेइतोरिया’, म्हणजे वखार, आणि खाली साल, १७५८ किंवा १७६१. असे एकूण ३३५ खांब रोवले गेले होते. २०१ पहिल्या खेपेला आणि १३४ दुसऱ्या. त्यांतले शंभरएक आजही सापडतात. खांबांच्या आत पिकलेल्या द्राक्षांची वाइन इंग्रजांच्या वखारीला विकण्याच्या तोडीची, बाहेरची नाही, एवढाच त्यांचा अर्थ. पण खांबांच्या या रेघेने गावं श्रीमंत केली, गावं बुडवली आणि तिच्यापायी पोर्तो शहरात माणसं फासावरही चढली.

दोरू स्पेनमध्ये उगम पावते आणि पोर्तोजवळ अटलांटिकला मिळते. वाइनचा प्रदेश मात्र समुद्राकाठी नाही. पोर्तोहून पूर्वेकडे निघालं की माराँवची डोंगररांग आडवी येते. समुद्रावरून येणारे पावसाळी ढग ती अडवते आणि पलीकडे एकदम कोरडी, उन्हाने भाजलेली दरी सुरू होते. तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. या दरीत माती जवळपास नाहीच. शिस्ट फोडायचा, त्याच्या चुऱ्यालाच माती म्हणायचं, आणि फोडताना निघालेल्या दगडांचे गडगे रचून ती चुरा-माती अडवायची. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. नदीच्या पाण्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले हे गडगे पाहिले की माझ्या मनात पहिला विचार वाइनचा येत नाही, तो रचणाऱ्या हातांचा येतो. वेलीची मुळं खडकाच्या फटींतून कित्येक मीटर खाली पाण्याच्या शोधात जातात, आणि उन्हाळ्यात पाऊस नसतानाही वेल जगते.

द्राक्ष इथे रोमनांच्या काळापासून आहे. पण शिस्तीने लागवड झाली ती बाराव्या शतकात आलेल्या सिस्टर्शियन पंथाच्या मठांमुळे. नदीच्या दक्षिणेला साल्झेदश गावात त्यांचा मठ आहे. गावाच्या मानाने फारच मोठा, आणि आज बराचसा पडका. जवळच उकान्या गावात बारोझा नदीवर एक पूल आहे आणि पुलाच्या तोंडाशी चौकोनी बुरूज. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडून मठाचा पथकर तिथे वसूल व्हायचा. म्हणजे या खोऱ्यात मालाची वाट अडवून पैसे घेण्याची रीत, हे खांब रोवणारा मंत्री पोंबाल याच्या आधीपासूनच होती. पोंबालने ती राज्याच्या मापाची केली.

राज्याने मध्ये पडण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी इंग्लंडकडे पाहावं लागतं. फ्रान्सशी सतत लढाया चालू असल्यामुळे इंग्रजांना फ्रेंच वाइन मिळेना. १७०३ साली मेथुएन तह झाला. इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालात खुलेपणाने येणार आणि त्या बदल्यात पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात बसणार, असा तो सौदा होता. पोर्तोमधल्या इंग्रज व्यापाऱ्यांचं नशीब उघडलं. भाव चढले तसे खोऱ्यातले शेतकरी मिळेल तिथे वेल लावू लागले. जिथे वेल नीट पिकत नव्हती तिथली पातळ वाइन खपवण्यासाठी मग युक्त्या आल्या. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाची काळी फळं वाइनमध्ये मिसळायची, गोडी वाढवायला साखर आणि झणका यावा म्हणून मिरी. १७५०च्या दशकाच्या सुरुवातीला भाव कोसळले. १७५४ साली इंग्रज व्यापाऱ्यांनी पत्र लिहून सगळा दोष शेतकऱ्यांवर ढकलला. शेतकऱ्यांच्या बाजूने उत्तर गेलं की, गडद रंग आणि जळजळीत चव तुम्हीच मागितलीत. माझ्या मते शेतकऱ्यांचं म्हणणं जास्त खरं होतं. भाव ठरवणारा एकच गिऱ्हाईक असला की माल त्याच्या आवडीप्रमाणेच बनतो, आणि त्याचं मन भरलं की बनवणाऱ्याकडे दुसरा दरवाजा नसतो.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन भूकंपाने जमीनदोस्त झालं. त्या संकटात राजा जुझे पहिला याचा मंत्री सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यू ई मेलू राज्याचा खरा कारभारी झाला. पुढे ‘पोंबालचा मार्क्विस’ म्हणून तो इतिहासात गेला. एकीकडे राजधानी पुन्हा बांधत असतानाच १० सप्टेंबर १७५६ रोजी त्याने राजाच्या सहीने एक कंपनी उभी केली. ‘आल्तू दोरूच्या द्राक्षमळ्यांची शेतकी कंपनी’ असं तिचं नाव. इंग्रज व्यापाऱ्यांच्या मुठीतला धंदा पोर्तुगीज हातांत आणायचा, हा उघड हेतू. दुसरा हेतू तितकाच खरा होता: खोऱ्यातल्या बड्या मळेवाल्यांना आणि पोर्तोच्या काही वजनदार घराण्यांना राजाच्या बाजूला बांधून ठेवायचं.

कंपनीचे अधिकार अफाट होते. कोणती वाइन परदेशी जाण्याजोगी हे तिचे चाखणारे ठरवणार, परदेशी जाणारी आणि साधी अशा दोन्ही प्रतींचे कमाल-किमान भाव तीच लावणार, शेतकऱ्यांना हलक्या व्याजाने कर्ज तीच देणार, ब्राझीलशी होणाऱ्या व्यापाराचा मोठा हिस्सा तिच्याकडे. आणि पोर्तो शहरात व आसपासच्या गावांत साध्या वाइनची किरकोळ विक्रीही फक्त तिच्याच हाती. या शेवटच्या कलमाने आग लागली.

पोर्तोत त्या काळी वाइन विकणं हा गरिबांचा धंदा होता. शिंपी, पिंपं बनवणारे, नावाडी, विधवा बायका घराच्या ओट्यावर पिंप ठेवून मापाने वाइन विकत. एका हुकमाने हे सगळे बेकायदा ठरले आणि पिणाऱ्यांच्या गळ्यात महाग वाइन पडली. २३ फेब्रुवारी १७५७, अॅश वेन्सडेचा, म्हणजे राखेच्या बुधवारचा दिवस. आदल्या दिवशी कार्निव्हल संपलेला. सकाळी गर्दी जमली, बायका पुढे होत्या. लोकांच्या तक्रारी मांडण्यासाठी नेमलेल्या जनतेच्या न्यायाधीशाला त्यांनी सोबत घेतलं आणि कंपनी रद्द करा अशी मागणी करत कंपनीच्या प्रमुखाच्या घरावर चालून गेले. दगडफेक झाली, मोडतोड झाली. त्या दिवसापुरती मागणी मान्यही झाली आणि संध्याकाळपर्यंत शहर शांत झालं.

लिस्बनने मात्र याला राजद्रोह ठरवलं. फौज आली, आणि सैनिकांच्या राहण्याखाण्याचा खर्च शहराच्या माथी मारला गेला. खास न्यायमंडळ बसलं. शेकडो माणसांची चौकशी झाली आणि ऑक्टोबर १७५७ मध्ये निकाल आले. अनेकांना फाशी, बाकीच्यांना जहाजांवर वल्ही मारण्याची शिक्षा, हद्दपारी, फटके, मालमत्तेची जप्ती. फाशीची शिक्षा ठोठावलेल्यांत बायकाही होत्या. जनतेच्या न्यायाधीशाचं पदच शहरातून काढून टाकलं. जगातल्या पहिल्या आखीव-रेखीव वाइन प्रदेशाचं कौतुक करताना या माणसांचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा असं मला ठामपणे वाटतं, कारण खांब रोवले गेले ते या निकालानंतर. विरोध मोडल्यावर रेघ आखली गेली.

‘पहिला’ हा मानही तपासून घ्यावा. तोस्कानात कियांतीची हद्द १७१६ सालीच जाहीर झाली होती, आणि हंगेरीत तोकाइच्या मळ्यांची प्रतवारी त्याच शतकाच्या पूर्वार्धात झाली होती. दोरूचं वेगळेपण हद्द जाहीर करण्यात नव्हतं, ती राबवण्यात होतं. मोजणीदार आले, मळ्यांची नोंदवही झाली, कोणत्या मळ्यातून किती वाइन निघते ते लिहिलं गेलं, खांब उभे राहिले आणि नोंदीपेक्षा जास्त माल कोणी आणला की तो अडवायला माणसं नेमली. एल्डरची झुडपं खोऱ्यातून मुळासकट उपटून टाकायचा हुकूम निघाला. वेलींना शेणखत घालायला बंदी आली, कारण खताने द्राक्ष वाढतं आणि वाइन पातळ होते. १७६५ साली तर तेजू, मोंदेगू अशा दुसऱ्या नद्यांच्या सुपीक काठावरच्या वेली तोडून तिथे धान्य पेरायला लावलं. रेघेच्या आतल्या मळ्याचा भाव टिकावा म्हणून रेघेबाहेरचा मळा कुऱ्हाडीखाली गेला. पोंबालची स्वतःची बाग लिस्बनजवळ ओएराशला होती, दोरूपासून शेकडो किलोमीटर दूर. तिची वाइन मात्र कंपनीने विकत घेतली. नियमांतून सुटण्याची वाट नियम करणाऱ्याला ठाऊक असते.

गोव्याच्या इतिहासात हाच पोंबाल वेगळ्या रूपात भेटतो. ज्या १७६१ साली खांबांची दुसरी खेप उभी राहत होती, त्याच साली आशियातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क देणारा कायदा त्याने काढला, आणि १७७४ साली गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बंद केलं. राजाच्या मृत्यूनंतर १७७७ साली तो सत्तेवरून गेला, आणि पुढच्याच वर्षी इन्क्विझिशन परत आलं. १८१२ पर्यंत ते टिकलं. गोव्याने ज्याच्याकडे मुक्तिदाता म्हणून पाहावं, त्याच माणसाला पोर्तोच्या गल्लीतल्या वाइनवाल्या बाईने जल्लाद म्हणावं, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

रेघेच्या आतल्या गावांना पुढचं अर्धशतक चांगलं गेलं. नदीकाठच्या पिन्यांव गावाच्या वर डोंगरात प्रोवेझेंद नावाचं गाव आहे. आज तिथली वस्ती काही शेकड्यांची, पण गावात अठराव्या शतकातले वाडे एकाला एक लागून उभे आहेत. दारांवर घराण्यांची दगडी चिन्हं, चौकात नक्षीदार कारंजं, एक मोठं चर्च. हा सगळा पैसा खाली नदीकाठी पिकला. मालक मात्र वर राहायचे, कारण नदीकाठी हिवतापाचं भय. फावायुश गावाची गोष्ट निराळी. ते पठारावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. तिथे मुस्कातेल द्राक्षाची गोड वाइन होते, आणि गावातल्या बायका लाकडाच्या भट्टीत चार टोकांचे पाव भाजतात. आसपासच्या गावांत तेच पाव विकले जातात.

माल गावांतून बैलगाडीने नदीवर यायचा आणि तिथून राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून पोर्तोसमोरच्या विला नोव्हा द गायातल्या गोदामांत. होडीला एक चौकोनी शीड आणि मागे लांबलचक सुकाणू, ते धरणारा उंच माचावर उभा. नदी तेव्हा धरणांनी शांत झालेली नव्हती. खडक, भोवरे, एकामागून एक कोसळणारे प्रवाह. वरच्या अंगाला वालेइरा इथे तर खडकांनी पात्रच अडवलेलं, त्यापलीकडे होडी जातच नसे. १७८० ते १७९२ या काळात, राणी मारिया पहिली हिच्या कारकिर्दीत, सुरुंग लावून ती वाट मोकळी केली गेली आणि मळे स्पेनच्या सीमेकडे सरकले. काम पूर्ण झालं तरी वालेइराची दहशत गेली नाही.

तिथेच १२ मे १८६१ रोजी जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाला. इंग्लंडातल्या हल शहरात जन्मलेला हा व्यापारी १८३१ साली पोर्तोत आला आणि खोऱ्याच्या प्रेमात पडला. इतर इंग्रज गायाच्या गोदामातून धंदा करत. हा मात्र होडीत बसून नदीचा प्रत्येक वाक कागदावर उतरवत राहिला. १८४८ साली छापलेला त्याचा दोरूचा नकाशा आजही थक्क करतो. वाइनमध्ये दारू आणि एल्डरची भर घालण्याविरुद्ध त्याने १८४४ साली निनावी पुस्तिका लिहिली आणि आपल्याच धंद्यातल्या लोकांचं वैर ओढवून घेतलं. पोर्तुगालने त्याला बॅरन केलं. त्या दिवशी होडीत आंतोनिया आदेलाइद फेरेरा याही होत्या, खोऱ्यातल्या सर्वांत मोठ्या मळ्यांच्या मालकीण. लोक त्यांना प्रेमाने फेरेरीन्या म्हणत. होडी उलटली. त्या वाचल्या. घोळदार झग्यात हवा भरल्याने त्या तरंगल्या, अशी दंतकथा झाली. कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांनी फॉरेस्टरला तळाशी ओढलं, अशी दुसरी. त्याचं प्रेत मिळालं नाही.

बॅरन आणि मालकिणीची नावं टिकली. गडगे रचणाऱ्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. ते बहुतेक गालिसियातून, म्हणजे स्पेनच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यातून, पायी आलेले मजूर. खडक फोडणं, पायरी बांधणं, पिंप उचलणं, कठीण काम सगळं त्यांच्याकडे. तोडणीला डोंगरावरच्या खेड्यांतून टोळ्या उतरत. टोळीला ‘रोगा’ म्हणत आणि तिचा एक मुकादम असे. मराठवाड्यातून साखरपट्ट्यात उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. ढोल आणि अकॉर्डियन वाजवत टोळी मळ्यात यायची. बायका घड कापायच्या. पुरुष पाठीवर पन्नास किलोंहून जड टोपल्या घेऊन, कपाळाला पट्टा लावून, पायऱ्या उतरायचे.

रात्री पुन्हा काम. ग्रॅनाइटच्या उथळ हौदात द्राक्षं भरलेली, आणि त्यात गुडघ्याच्या वरपर्यंत उतरलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीने पावलं टाकताहेत. पहिले दोन तास कडक शिस्त, मुकादमाच्या तालावर डावा-उजवा. मग वाद्यं सुरू होत आणि मोकळं नाचायची मुभा मिळे. पायाने तुडवताना साल फुटते, रंग सुटतो, पण कडवट बी फुटत नाही, म्हणून काही मळे आजही हीच पद्धत ठेवून आहेत. रस आंबू लागला, अर्धीअधिक साखर उरली की त्यात द्राक्षाची कडक दारू ओततात. साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर दारू, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. आंबणं तिथेच थांबतं आणि गोडी वाइनमध्येच राहते. हीच पोर्ट वाइन. दारू मिसळण्याविरुद्ध लिहिणारा फॉरेस्टर हरला तो इथे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खोऱ्यावर दोन संकटं आली. १८५०च्या सुरुवातीला भुरी रोग. गंधक मारून तो आटोक्यात आला. मग १८६०च्या दशकात साब्रोझा परिसरात वेली कारण न कळता वाळू लागल्या. माव्याच्या जवळच्या कुळातली, डोळ्याला जेमतेम दिसणारी ही कीड, फायलोक्झेरा, अमेरिकेतून युरोपात आली होती आणि मुळांतला रस शोषत होती. वीस वर्षांत डोंगरच्या डोंगर काळे पडले. कित्येक कुटुंबांनी पायऱ्या तशाच सोडल्या आणि ब्राझीलची वाट धरली. त्या सोडलेल्या पायऱ्यांना इथे ‘मोर्तोरियू’ म्हणतात. त्यांवर आज झुडपं आणि रानटी ऑलिव्ह माजलेत, पण गडगे अजून जागेवर आहेत. फेरेरीन्याबाईंनी त्या काळात शेतकऱ्यांची पडून राहिलेली वाइन विकत घेतली, मजुरांना भिंती आणि रस्ते बांधायला लावलं, आणि ओसाड पडलेली जमीन घेऊन मळे वाढवले. उपाय शेवटी कलमाचा निघाला: मुळं किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीची, वर पोर्तुगीज द्राक्ष. सांगली-नाशिकचा बागायतदार डॉगरिज खुंटावर द्राक्ष बांधतो, ते कलम खाऱ्या आणि कमी पाण्यासाठी. पण तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच.

त्यानंतरचं शतक भराभर सरकलं. रेल्वे १८७९ला नदीकाठचं रेग्वा, १८८०ला पिन्यांव गाठून १८८७ला स्पेनच्या सीमेवर पोचली. १९१५ साली लामेगो शहरात मळेवाल्यांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १९६०च्या दशकात तरुण मुलं सीमा ओलांडून फ्रान्सला गेली, आणि त्याच दशकात राबेलो होड्यांचं व्यापारी काम संपलं. १९७०च्या दशकापासून धरणांनी नदीचे तलाव केले, आणि वालेइरा पाण्याखाली गेली. २००१ साली युनेस्कोने खोऱ्यातले २४,६०० हेक्टर जागतिक वारशात घेतले.

रेघ मात्र पुसली गेली नाही, ती बारीक झाली. हुकूमशहा सालाझारच्या काळात, १९३२ साली, रेग्वाला ‘कासा दू दोरू’ नावाची शेतकऱ्यांची संस्था स्थापन झाली आणि पुढे मळ्यांना गुण देण्याची पद्धत आली. उंची, उतार, दगड, वेलीचं वय, ऊन कुठल्या बाजूने लागतं, हे सगळं मोजून प्रत्येक तुकड्याला प्रतीचं एक अक्षर मिळतं. दर उन्हाळ्यात संपूर्ण खोऱ्यात त्या साली किती पोर्ट बनवायची याचा आकडा जाहीर होतो, आणि अक्षराप्रमाणे प्रत्येकाचा वाटा निघतो. वाट्याबाहेरची द्राक्षं साध्या वाइनसाठी द्यावी लागतात, बरेचदा खर्चही निघत नाही अशा भावाने. पोर्ट वाइन गायाच्या गोदामांतूनच परदेशी जाईल ही १९२६ची सक्ती १९८६ साली उठली आणि लहान मळेवाले स्वतःच्या नावाची बाटली विकू लागले. तरी बहुसंख्यांचं वर्ष त्या एका आकड्यावरच ठरतं. २०२३ साली तो १,०४,००० पिंपं होता, २०२४ साली ९०,०००. मळ्यांत कामाला आता गालिसियाचे मजूर येत नाहीत. भारत, नेपाळ आणि बांगलादेशातून आलेली माणसंही त्या पायऱ्यांवर घड कापतात. आकडा घसरत गेला तसे मळेवाले रेग्वाच्या रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न १७५४ सालच्या वादातलाच होता: गिऱ्हाइकाची मागणी घटली, तर तोटा एकट्या शेतकऱ्यानेच का सोसायचा?